खोली १६० चौरस फूट, लेन्स किती वाइड?

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो. पुनर्विकासात आमच्या इमारतीचा नंबर लवकरच लागेल. आजोबांच्या काळापासूनची खोली आहे, साधारण १० बाय १६. सामान हलवण्याआधी घराचे नीट फोटो काढून ठेवायचे आहेत. आतेभावाकडून सोनीची फुल फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) आणि ५०ची (म्हणजे ५० मिमी) लेन्स मिळाली आहे, पण तिच्यात एका वेळी एखादं कपाट नाहीतर एखादी भिंतच येते. म्हणून छोटी वाइड प्राइम (झूम नसलेली, जास्त रुंदी टिपणारी लेन्स) घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, जितकी वाइड तितकी चांगली, १८ न्या. मित्र म्हणतो, अंधारी खोली आहे, २० एफ/१.८ घे, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. मी स्वतः २४ एफ/२.८ हातात घेऊन बघितली आणि आवडली. कोणती घेऊ? आणि पैसे देण्याआधी काय तपासू?
एक वाचक, वरळी

उत्तर : २४ घ्या. का ते जरा विस्ताराने सांगते, कारण दुकानदार पुन्हा १८च पुढे करेल आणि तेव्हा तुमच्याकडे हिशेब हवा.

फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. ३६ला लेन्सच्या मिमीने भागायचं आणि जे येईल त्याने अंतराला गुणायचं. तेवढी रुंदी फोटोत मावते. ५०च्या लेन्सला अंतराच्या जेमतेम पाऊणपट, २४ला दीडपट, १८ला दुप्पट. तुमचं दार दहा फुटी बाजूला आहे असं धरते. दारापाशी कॅमेरा लावून समोर पाहिलं, तर समोरची भिंत १६ फुटांवर आहे. २४च्या लेन्समध्ये बाजूच्या भिंती सुमारे पावणेसात फुटांपासून पुढे दिसायला लागतात, १८मध्ये पाच फुटांपासून. म्हणजे १८ घेऊन दोन्ही बाजूंना साधारण पावणेदोन फूट भिंत जास्त मिळाली. बस, एवढंच. आणि त्याची किंमत मोजते समोरची भिंत. २४मध्ये ती फोटोच्या रुंदीचे शंभरातले ४२ हिस्से व्यापते, १८मध्ये ३१. त्या भिंतीवरचं देवघर, खिडकी, आजोबांची तसबीर, सगळं लहान होऊन मागे सरकतं आणि पायाजवळची रिकामी फरशी पसरते. खोली लांबलचक दिवाणखान्यासारखी दिसायला लागते.

फ्लॅट विकायच्या जाहिरातीत नेमकं हेच हवं असतं, म्हणून तिथे १४, १६ अशा लेन्स चालतात. तुमचं काम वेगळं आहे. नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरात तुमची मुलं हा फोटो बघतील, तेव्हा त्यांना कळायला हवं की आपली माणसं १६० चौरस फुटांत कशी राहिली. माळ्यावरच्या ट्रंका, त्याखाली गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, मोरीला लागून ओटा, ओट्याला लागून कपाट. वस्तू एकमेकींना खेटलेल्या दिसल्या पाहिजेत. ती दाटी हेच त्या घराचं खरं रूप आहे आणि १८ची लेन्स ती पुसून टाकते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मी जुन्या इमारती आणि त्यांतली घरं टिपण्याचंच काम करते. गिरगावातली आमची स्वतःची खोली सोडायची वेळ आली तेव्हा तीही मी २४नेच काढली. आईला ते फोटो दाखवले तेव्हा ती म्हणाली, हो, एवढीच होती.

माणसांसाठीही २४च बरी. सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स कडेच्या गोल वस्तू ताणते. हा लेन्सचा दोष नव्हे, ही भूमिती आहे. कितीही महाग लेन्स घ्या, ती सुटत नाही. २४मध्ये अगदी डाव्या किंवा उजव्या कडेला आलेला चेहरा सव्वापट रुंद होतो, १८मध्ये सुमारे १.४ पट. सगळं घर एका फोटोत बसवायचं झालं की कडेला कोणीतरी काकू येणारच. त्यांना निदान फोटोच्या मधल्या दोन-तृतीयांश भागात घ्या.

आता मित्राचा मुद्दा. सोनीची २० एफ/१.८ ‘जी’ (G) ही सुंदर लेन्स आहे, त्यात वाद नाही. पण तिचं वजन ३७३ ग्रॅम आणि फिल्टर ६७ मिमीचा. २४ एफ/२.८ ‘जी’ १६२ ग्रॅम आणि ४९ मिमी. एफ/१.८ला जवळजवळ अडीचपट उजेड जास्त मिळतो हे खरं, पण खोली हलत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, आयएसओ (उजेडासाठीची सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८, आणि शटर एक-दोन सेकंद उघडं राहू द्या. अंधाराचा प्रश्न तिथेच मिटला. एफ/८ला आणखी एक सोय होते. २४ची लेन्स ८ फुटांवर फोकस केली, की ४ फुटांपासून थेट खिडकीबाहेरच्या इमारतीपर्यंत सगळं शार्प येतं. माणसं असतील तेव्हा खिडकीजवळ बसवा, एफ/२.८, शटर १/६०, आयएसओ ३२००. आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांना ते सहज झेपतं.

ट्रायपॉड लावताना दोन गोष्टी. कॅमेरा डोळ्याला लावून भिंतीला टेकलात तर तुमच्या डोक्यातच फूटभर जागा गेली. दहा फुटांत फूट फार मोठा. म्हणून कॅमेऱ्याची पाठ भिंतीला जवळजवळ चिकटवा आणि फोनच्या अ‍ॅपवरून शटर दाबा. दुसरं, कॅमेरा वर किंवा खाली झुकवू नका, नाहीतर कपाटं आणि चौकटी आत कलतील. माळा हवा असेल तर कॅमेरा उभा धरा. २४ने ८ फुटांवरून १२ फूट उंची येते. दाराबाहेर पॅसेजमध्ये मागे सरकायचा मोह होईल, पण दीडेक फुटाच्या पुढे चौकट फोटोत आड येते. एखादा फोटो मुद्दाम तसा काढा मात्र. चौकट, तिच्यावरचा खोली नंबर आणि आत दिसणारं घर, हा फोटो मला स्वतःला बघायला आवडेल.

आता तपासणी. छोट्या लेन्स छोट्या का होऊ शकल्या ते आधी समजून घ्या. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागायची. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा) ते अंतर ४४ मिमी, निकॉनच्या एफमध्ये ४६.५. वाइड लेन्सला या जागेपलीकडून चित्र टाकावं लागे, त्यासाठी पुढे मोठाली भिंगं बसवावी लागत. सोनीच्या ई माउंटला हे अंतर १८ मिमी आहे, निकॉन झेडला १६. लेन्सचं मागचं टोक सेन्सरच्या जवळ आलं आणि लेन्स आखूड झाली. बाकीचं काम सॉफ्टवेअरवर टाकलं. कॅननची आरएफ १६ एफ/२.८ अवघी १६५ ग्रॅमची आहे, पण तिची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) दुरुस्तीशिवाय उघडली तर रेषा उघड वाकलेल्या आणि कोपरे काळे दिसतात. कॅमेरा ते ताणून, उजळून सरळ करतो. याला मी फसवणूक म्हणत नाही. हाती येणारा शेवटचा फोटो चांगला असेल तर वाट कुठली घेतली याने फरक पडत नाही. फक्त तपासताना दुरुस्ती चालू ठेवूनच कोपरे बघा, कारण छापणार तेच आहात. आणि एक लक्षात ठेवा, उजळलेल्या कोपऱ्यात दाणे (फोटोतली खरखर) वाढतात. कोपरे दोन स्टॉप काळे (म्हणजे तिथला उजेड एक-चतुर्थांश) असतील आणि आयएसओ ३२०० असेल, तर दुरुस्तीनंतर कोपऱ्यातले दाणे १२८००इतके दिसणार.

म्हणून दुकानात स्वतःची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. फोर्टात बोरा बाजारात बघणार असाल तर लेन्स लावून दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीचे फोटो काढायला बहुतेक ठिकाणी ना म्हणत नाहीत. एफ/२.८ला एक, एफ/८ला एक. मग आतला दिवा फोटोच्या जरा बाहेर ठेवून एक, म्हणजे उजेडाचे डाग पडतात का, काळं काळं राहतं का ते कळेल. तुमच्या खोलीत खिडकी एका टोकाला आहे, तेव्हा ही चाचणी तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी. नंतर सगळ्यात जवळून फोकस करून बघा. २४ एफ/२.८ ‘जी’ ऑटोफोकसने २४ सेंटिमीटर आणि हाताने फोकस केल्यास १८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. हे अंतर सेन्सरपासून मोजतात. मीटरबोर्डावर चिकटवलेला देवाचा स्टिकर, खिळ्याला अडकवलेली रेशन कार्डाची पिशवी, मोरीच्या कठड्याची झिजलेली कड. ही चित्रं लांबून निघत नाहीत.

हे सगळं करण्याआधी एक फुकटचा प्रयोग. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या आसपास दाखवतो आणि अल्ट्रावाइड असेल तर तो १३च्या आसपास. फोन घेऊन दारात उभे राहा आणि दोन्ही फोटो घरच्यांना दाखवा. घर कुठल्या फोटोत आहे ते त्यांना विचारा.

प्रश्न : नवीन छोटी वाइड लेन्स घेतली. फोटोची उजवी बाजू डावीपेक्षा मऊ वाटते. दुकानात म्हणाले, वाइड लेन्स अशाच असतात. खरं आहे का?
एक वाचक, बोरिवली

उत्तर : चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्सची घडणच तशी आहे, आणि एफ/५.६, एफ/८ला ते सुधारतात. एकच बाजू मऊ असेल तर आतलं एखादं भिंग केंद्रातून सरकलेलं किंवा कललेलं असण्याचा दाट संशय. अशी लेन्स बदलून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मात्र पुरावा पक्का करून जा.

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढायची पद्धत बरेच जण सांगतात. ती मला पटत नाही. दोन फुटांवरून कॅमेरा केसभर तिरका झाला तरी एक बाजू मऊ येते आणि बिचाऱ्या लेन्सवर आळ येतो. घरातच करायचं असेल तर भिंतीला सपाट चिकटवलेला छोटा आरसा वापरा. आरशात दिसणारं लेन्सचं प्रतिबिंब फोटोच्या बरोबर मध्ये आलं की कॅमेरा भिंतीला समांतर आहे.

खरी चाचणी लांबच्या वस्तूवर. मरीन ड्राइव्हला नरिमन पॉइंटच्या बाजूला कठड्यावर किंवा ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडा. वळणापलीकडे दूरवर दिसणारी खिडक्याखिडक्यांची एखादी इमारत निवडा. ती मध्यभागी घेऊन फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका, म्हणजे फोकस हलणार नाही. मग तीच इमारत आळीपाळीने चारही कोपऱ्यांत घेऊन फोटो काढा. घरी येऊन शंभर टक्क्यांवर खिडक्यांचे गज बघा. तीन कोपऱ्यांत गज मोजता येतात आणि चौथ्यात नुसता करडा पट्टा, तर निकाल लागला. हा सगळा क्रम एकदा पुन्हा करा. दोन्ही वेळा तोच कोपरा आला तर शंका उरत नाही.

वेळ मात्र नीट निवडा. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी किंवा भर दुपारी रस्त्यावरची हवा थरथरत असताना सगळीच लेन्स मऊ वाटेल. पाऊस पडून गेल्यावरची स्वच्छ सकाळ उत्तम. एफ/८लाही तो कोपरा सुधारला नाही, तर चारही फोटो टॅबवर किंवा लॅपटॉपवर घेऊन दुकानात जा आणि शेजारी शेजारी लावून दाखवा. ‘मऊ वाटते’ याला उत्तर देता येतं, चार कोपऱ्यांच्या चार फोटोंना देणं अवघड जातं. आणि हे पहिल्या आठवड्यातच करा, बिल आणि खोका जपून.

प्रश्न : मी लालबागला राहतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत फोटो काढायला फुजीच्या एक्स माउंटसाठी छोटी वाइड हवी. १८ एफ/२ जुन्या बाजारात मिळते आहे, १६ एफ/२.८ नवी. गर्दीत कोणती चालेल?
एक वाचक, लालबाग

उत्तर : १६ एफ/२.८. कारण एकच, तिला पाऊस आणि धूळ यांपासून संरक्षण आहे, १८ एफ/२ला नाही. अनंत चतुर्दशीला मुंबईत पाऊस नसला तरी गुलाल असतोच, आणि गुलालाची पूड पावसापेक्षा वाईट. बॉडीही तशीच संरक्षण असलेली हवी, नाहीतर लेन्सचा उपयोग अर्धाच. पुढे ४९ मिमीचा साधा फिल्टर लावा आणि मिरवणुकीत लेन्स बदलायची नाही हा नियम पाळा.

१६ एफ/२.८ १५५ ग्रॅमची आहे, १८ एफ/२ ११६ ग्रॅमची. गळ्यात दिवसभर अडकवली तरी दोघींचा भार जाणवत नाही. फुजीच्या सेन्सरवर १६ म्हणजे फुल फ्रेमची २४, १८ म्हणजे २७.

उजेड आहे तोवर ऑटोफोकस बंद करा. एफ/८ ठेवून साधारण सव्वापाच फुटांवर फोकस केला तर पावणेतीन फुटांपासून पुढे सगळं शार्प येतं. ढोल वाजवणारा, त्याच्या मागची ताशांची रांग आणि त्यामागे मूर्ती, तिन्ही. गर्दीत कॅमेरा फोकस शोधत बसला की क्षण निघून जातो. वाइड लेन्स गर्दीत असते ती जवळ जाण्यासाठी. दहा फुटांवरून काढलात तर फोटोत नुसती डोकी आणि झेंडे येतील. ढोलाच्या टिपरूपासून हाताच्या अंतरावर या, वादकाशी नजरानजर होऊ द्या, मग काढा. रोषणाईखाली फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा आणि वेग १/५० किंवा १/१००वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, तिच्याशी हे वेग जुळतात.

लहान मुलं खांद्यावर घेतलेल्या आईबापांना आधी वाट द्या. फोटो पुढच्या वळणावरही मिळतो.

प्रश्न : जुनी वाइड प्राइम घेते आहे. फंगस आहे का ते कसं ओळखायचं? आणि दादरसारख्या दमट ठिकाणी ती ठेवायची कशी?
एक वाचक, दादर

उत्तर : लेन्सच्या मागून फोनचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. सुटे कण म्हणजे धूळ, तिची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे फुटलेले धागे किंवा धुरकट डाग दिसले तर ती बुरशी. कडेला जराशी आहे, साफ करून मिळेल, असं विकणारा म्हणाला तरी सोडून द्या. बुरशी भिंगावरचा थर खाते आणि साफ केल्यावरही तिथे खूण राहू शकते. माउंटवरचे स्क्रू झिजलेले असतील तर लेन्स आधी कोणीतरी उघडली आहे असं समजा.

ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून कोरडं करा. चामड्याच्या पाउचमध्ये लेन्स कधीही ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात निदान आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा.

एसी लोकलमधून उतरल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार काचेवर फलाटावरची दमट हवा लागली की वाफ धरते, पुढून आणि मागूनही. पिशवी बंद ठेवून वीसेक मिनिटं जाऊ द्या. घरी आल्यावर मागचं झाकणही कोरड्या फडक्याने पुसा, ओलं झाकण लावून डब्यात टाकलेल्या लेन्सला सिलिका जेल वाचवू शकत नाही.